विमानाच्या पाठीवरचा डाग

आमच्या साहेबांना रंगाची भारी हौस. चित्रंबित्रं काढायची नव्हे, तेवढी कला कुठून आणणार! फासायची हौस. तळावर कोणी मोठा पाहुणा येणार अशी नुसती कुणकुण लागली, की झाडांच्या बुंध्यांना गेरू, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, कुंड्यांना लाल रंग. एकदा उन्हाने करपलेल्या हिरवळीवर हिरवा रंग फवारता येईल का, अशी चौकशी त्यांनी माझ्यासमोर फोनवरून केली होती. मी हसले, तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सौंदर्यदृष्टी नाही." नाहीच मुळी. मला फक्त नजर होती, आणि ती त्यांच्याकडे बघून बघून तापट झाली होती.

तळ कुठला ते सांगणार नाही, आणि तुम्ही विचारूही नका. समुद्रावर पाळत ठेवणारी लष्करी विमानं तिथे असत आणि मी तिथे सिव्हिलियन इंजिनिअर होते. आता निवृत्त होऊन मालवणच्या बाजूला माझ्या गावी येऊन बसले आहे, म्हणून तोंड सुटलंय. नोकरीत होते तेव्हा घरच्यांनाही धड काही सांगता येत नसे. गावात विचारत, करतेस काय? मी म्हणे, विमानांची कामं. त्यावरून निम्म्या गावाची समजूत अशी, की मी विमानात चहा वाटते.

काम काय होतं ते सांगते, त्यात आता गुपित काही राहिलेलं नाही. विमानं जुनी, अंगाने दणकट, पण आपण कुठे आहोत हे ओळखायचं त्यांचं यंत्र त्याहून जुनं. उड्डाणाआधी त्याला सांगायचं, बाबा रे, तू आत्ता इथे आहेस. मग ते स्वतःच्या हालचालींवरून हिशेब करत पुढे जायचं, आणि जितका वेळ जाईल तितकं भरकटायचं. पाळत ठेवणाऱ्या विमानाला हे परवडत नाही. खाली दिसलेलं जहाज कुठे आहे, हे विमान स्वतः कुठे आहे यावरूनच काढतात. तुमचाच पत्ता चुकला की समोरच्याचाही चुकलाच. म्हणून त्या विमानांना सॅटेलाइटवरून जागा ओळखणारा रिसीव्हर बसवायचा, असं वरून ठरलं आणि ते लचांड माझ्या गळ्यात आलं.

लचांड म्हणते, पण मला ते काम मनापासून आवडायचं. रिसीव्हर विमानात नेऊन ठेवला की झालं, असं नसतं. रडारला, कॅमेऱ्याला, नकाशाच्या पडद्याला, खालच्या जहाजांना आपोआप निरोप धाडणाऱ्या यंत्राला, सगळ्यांना तीच जागा त्याच क्षणी कळली पाहिजे. विमानातला जुना संगणक तर नव्या रिसीव्हरची भाषाच समजून घेईना. मध्ये एक दुभाष्या डबा बनवावा लागला, तो बनवण्यात आमची हाडं झिजली. शेवटी तो बोलायला लागला तेव्हा मी हँगरमध्ये एकटीच टाळ्या पिटल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "डब्याला रंग कुठला देणार?"

साहेबांच्या मीटिंगांचं काय सांगू! आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला हाक मारून मागणं मागतो आणि बाकीचे सगळे दर वाक्याला एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. साहेबांची मीटिंग अगदी तशीच चाले. साहेब म्हणत, हे काम दिवाळीपर्यंत होईल. व्हय म्हाराजा. साहेब म्हणत, चाचणीची एवढी गरज नाही. व्हय म्हाराजा. देवळात निदान समोर देव तरी असतो. इथे सगळे माना डोलवायचे ते खुर्चीसमोर. मी मान डोलवत नसे, म्हणून माझी खुर्ची दरवाजाजवळची, जिथे पंख्याचा वारा येत नाही.

तर त्या वर्षी काम पुरं झालं, उड्डाणात चाचणी झाली, विमान आपली जागा अचूक सांगायला लागलं. दिल्लीहून मोठे पाहुणे ते बघायला येणार असं ठरलं. मधल्या दिवसांत चवथ, म्हणजे गणपती, आली. आता सिंधुदुर्गातल्या माणसाला चवथीला घरी जाऊ नको असं सांगणारा साहेब अजून जन्मायचा आहे. मी सगळं तपासून, कुलूप लावून, रजा टाकून घरी आले.

घरी माझा थोरला भाऊ. आमच्या वडिलांमागे होडी त्याने चालवली, माझं शिक्षण त्यानेच केलं आणि त्याचा हिशेब आयुष्यात एकदाही काढला नाही. मात्र थट्टा करायचा हक्क पुरेपूर वसूल केला. चुलीसमोर बसून मोदकाचं सारण परतत होते, तर आला.

"काय गो, झाला तुझा काम? लागला विमानाक वाट दाखवूचा यंत्र?"

"लागलं."

"आकाशात काय तिठे आसत, वाट चुकाक? आणि माझ्या होडयेर पण जीपीएस आसा. दुकानात गेलंय, घेतलंय, लायलंय. तुमका तोच लावूक इतकी वर्सां लागतत?"

मी चिडून त्याला रडार, कॅमेरा, दुभाष्या डबा, सगळं समजावून सांगितलं. सगळं म्हणजे सांगता येण्यासारखं. तो शांतपणे ऐकत होता. मग वहिनीकडे वळून म्हणाला, "आयकलंस? तुमची चेडवा शिकान अशी होतत. साधा विचारला, तर भाषण." आमच्याकडे मुलींना चेडवा म्हणतात.

विसर्जन झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तळावर परत निघाले आणि तो समुद्रावर. चवथीनंतर मासळीला भाव असतो, सगळ्यांनाच घाई असते. आभाळ मला काही बरं वाटेना. तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "आभाळाचा माका कळता. तू तुझा विमान बघ."

तिसऱ्या दिवशी तळावर पोचले, हँगरमध्ये शिरले आणि जागच्या जागी उभी राहिले. विमान चकचकत होतं. नाकापासून शेपटीपर्यंत नवाकोरा करडा रंग, आणि त्यात चंदेरी झाक. एखाद्या लग्नाच्या बँडच्या गाडीसारखं दिसत होतं. शिडी लावून वर चढले. विमानाच्या पाठीवर, पंखांच्या मागे, तळहाताएवढी चपटी अँटेना बसवलेली होती. सॅटेलाइटकडून जे काही येतं ते त्या तळहातावर येतं, दुसरा रस्ता नाही. तिच्याभोवती लाल अक्षरांत लिहिलं होतं, की येथे रंग लावू नये. मी स्वतः ते लिहून घेतलं होतं. अँटेनावर रंगाचा जाड थर होता आणि लाल अक्षरंही त्याच रंगाखाली गेली होती. ज्याने रंगवलं त्याने सूचनाच रंगवून टाकली! बरं, रंगही साधा नव्हे. झाक यावी म्हणून त्यात धातूची पूड होती. म्हणजे अँटेनाच्या डोक्यावर पत्रा ठोकल्यासारखंच.

खाली उतरून यंत्र चालू केलं. पडद्यावर एकही सॅटेलाइट नाही. बाहेर ओढून उघड्यावर नेलं, तरी नाही. कपाळ माझं!

साहेबांकडे गेले. मीटिंग चालूच होती, दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांच्या नाश्त्याची. बटाटवडा ठेवावा की कटलेट, यावर पाच-सहा शिकले-सवरलेले पुरुष गंभीर चेहरे करून बसले होते.

मी म्हटलं, "सर, अँटेना रंगवली आहे. विमानाला सॅटेलाइट दिसत नाहीत."

"पण विमान कसं दिसतंय ते सांगा."

"सर, ते आंधळं झालंय."

"मॅडम, उद्या विमान उडणारच नाहीये. जमिनीवर उभं राहणार. चाचणीच्या वेळचं सगळं आपण भरून ठेवलेलं आहे, तेच पडद्यावर लावू. पाहुण्यांना काय कळतंय? सॅटेलाइटला विमान दिसलं नाही तरी चालेल, पाहुण्यांना दिसलं पाहिजे."

यावर सगळे हसले. व्हय म्हाराजा. इतकी वर्षं राबून जे यंत्र खरोखर चालायला लागलं, ते पुन्हा चालू करता येत असताना त्याचं खोटं नाटक दाखवायचं, आणि कशासाठी, तर रंगाला ओरखडा नको. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण खरं हाताशी असताना खोटं पसंत करणारा माणूस पहिल्यांदा बघितला, आणि तो माझा साहेब होता.

मी म्हटलं, "मला तो रंग खरवडू द्या. तेवढाच भाग."

"पाहुणे गेले की खरवडा. आत्ता हात लावायचा नाही. हा हुकूम समजा."

शिरा पडो तुझ्या हुकमावर, असं मनात म्हणून मी बाहेर पडले. आमच्याकडे शाप द्यायचा तर असाच देतात.

मी गोदामात गेले. नवी अँटेना शिल्लक होती, म्हटलं तीच बसवू. गोदामवाला म्हणाला, साहेबांची सही आणा. आणि बसवली असती तरी तिच्याखालचा डिंक सुकायला रात्र जावी लागते. तोवर बाहेर वारा सुटला होता, हँगरचे पत्रे खडखडत होते. तेवढ्यात वहिनीचा फोन.

"ह्यांचो पत्तो नाय गो. बाकीची होडकी सगळी इली. फोन लागणा नाय, वायरलेस लागणा नाय."

"कधी यायचा होता?"

"काल. काल येवक होयो होतो." मग ती रडायला लागली आणि तिच्यामागे शेजारपाजारच्या बायकांचे आवाज ऐकू येत होते. "तू थय आसस मगे, तू कायतरी कर."

काहीतरी कर! समुद्राची भीती आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. वडील गेले तेही अंथरुणात गेले, समुद्राने आम्हाला कधी फसवलं नव्हतं. पण मी तिथे उभी राहून भ्याले, सरळ सांगते. मला दादा दिसायला लागला, सारण चोरून खाणारा. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं, की त्याला शोधायला जाऊ शकेल असं तळावर एकच विमान उभं आहे आणि ते बँडच्या गाडीसारखं रंगवलेलं आहे. दुसरं दूर दौऱ्यावर गेलं होतं, तिसऱ्याचं इंजिन उतरवलेलं होतं.

थोड्याच वेळात वरून निरोप आलाच. मालवणच्या बाजूची एक मच्छीमार होडी बेपत्ता, विमान पाठवा, मदतीचं जहाज निघालं आहे. साहेबांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. होडीत माणसं आहेत हे त्यांच्या कानापर्यंत पोचलं असेल, आत शिरल्याचं काही दिसलं नाही. ते म्हणाले, "खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले तर? संध्याकाळी परत आल्यावर धुऊन, पुसून, पॉलिश करायला माणसं लागतील."

मी म्हटलं, "त्या होडीवर माझा भाऊ आहे."

ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अरेरे. काळजी करू नका मॅडम, विमान जाईलच की. जुनं यंत्र आहे ना त्यात? इतकी वर्षं त्याच्यावरच जात होतो."

हे असं बोलायला माणूस एकतर मूर्ख लागतो किंवा दुष्ट. साहेब दुष्ट नव्हते. जुनं यंत्र भरकटतं, ते भरकटतं म्हणून तर आम्ही इतकी वर्षं खपलो. नव्या जोडणीत विमानाला होडी दिसली, की तिची जागा आपोआप जहाजाला जाणार होती. ती चुकीची गेली, तर जहाज चुकीच्या ठिकाणी जाणार. पावसाच्या सरींत, त्या लाटांत, हाकेच्या अंतरावरची होडी दिसत नाही. विमान दादाला बघणार आणि जहाज भलतीकडेच शोधत बसणार. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उगाच घाबरवू नका."

विमानाबरोबर जाणारा, वाट आखणारा अधिकारी तेवढा शहाणा निघाला. नकाशे काखोटीला मारून तो हँगरमध्ये आला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आज कशावर भरवसा ठेवू?"

मी म्हटलं, "इंधन भरून होईपर्यंत मला वेळ दे. मग सांगते."

शिडी लावली आणि चढले. प्लास्टिकची पट्टी घेतली होती, कारण लोखंडाने अँटेनाच फुटायची. थर जाड होता, वरून वाळलेला आणि आतून अजून चिकट. पट्टी वाकायला लागली तेव्हा नखं लावली. पाऊस भुरभुरत होता, विमानाची पाठ निसरडी झाली होती, आणि आमची साहेबस्वारी छत्री घेऊन खाली येऊन उभी राहिली.

"मॅडम! ओरखडे पडताहेत!"

मी खरवडत होते.

"अहो, तेवढाच भाग म्हणाला होतात! केवढा डाग पडलाय! उद्या काय दाखवू मी?"

मी वरूनच ओरडले, "बटाटवडे दाखवा!"

खाली इंधन भरणारे जवान तोंड फिरवून हसत होते. माझं हसण्याकडे लक्ष नव्हतं. नख मुळापासून उलटलं ते तेव्हा कळलंही नाही. आतून त्या अधिकाऱ्याने आवाज दिला, "आला! एक आला!" मी आणखी खरवडलं. "दुसरा आला. अजून येताहेत." मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग त्याने खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा दाखवला. मी विमानाच्या पाठीवर तशीच बसले, पाय दोन्हीकडे टाकून, लहानपणी म्हशीवर बसायचे तशी. साहेब म्हणाले, "आता उतरा तरी."

विमान गेलं. पुढचे तास कसे गेले ते मला विचारू नका. वहिनीला फोन करून सांगितलं, विमान निघालंय. तिने विचारलं, "तुझाच मगे?" मी म्हटलं, "होय, माझंच." माझ्यामागे साहेब मंडपवाल्याशी बोलत होते. वाऱ्याने कमान पडली, तर तिच्यावरच्या फुलांचे पैसे कोण देणार, असा त्यांचा प्रश्न होता. मी उठून त्यांच्या थोबाडीत दिली नाही, एवढा संयम माझ्यात कुठून आला ते मला आजही माहीत नाही.

अंधार पडायच्या आत निरोप आला. होडी दिसली. इंजिन बंद, बॅटरी बंद, अर्धी पाण्यात, पण माणसं वर. विमानाने जागा धाडली आणि जहाज सरळ त्या जागेवर गेलं. जहाजावरच्या लोकांना होडी अगदी शेवटी दिसली, पावसाची सर ओसरल्यावर. तोपर्यंत ते नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवून चालले होते. सगळे सुखरूप. मी शौचालयात जाऊन मनसोक्त रडले.

बाहेर आले तर साहेब विचारत होते, "वरून फोटो काढले का? आपल्या विमानाचा फोटो जहाजावरून कोणी काढला का?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. साहेबांनी प्रेझेंटेशनमध्ये आदल्या दिवशीची गोष्ट अशी सांगितली, की जणू हेच शिडी चढले होते. पाठीवरच्या डागाचं काय करायचं हा प्रश्न त्यांनी रात्रीतच सोडवला होता. झेंडूचा भलामोठा हार विमानाच्या पाठीवर आडवा टाकला होता, नेमका डागावर. पाहुणे म्हणाले, वा, ही आपली परंपरा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. वडे बरे होते म्हणतात. मी खाल्ले नाहीत.

आठवडाभरात माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांचा हुकूम डावलून सरकारी विमानाच्या रंगकामाचं नुकसान का केलं, याचा लेखी खुलासा करावा. रागाने मी तिची पाच-सहा उत्तरं लिहिली आणि सगळी फाडली. प्रत्येकात रंगातली धातूची पूड होती, अँटेना होती, जुन्या यंत्राचं भरकटणं होतं. साहेबांना ते कळलं असतं तर नोटीस निघालीच नसती.

आणि मग आमच्या गावाने डोकं चालवलं. गावातल्या पुढाऱ्यांनी ठरवलं, की पोरांना समुद्रातून परत आणणाऱ्या साहेबांचा देवळात सत्कार करायचा. रस्त्यावर फलक लागले. त्यावर साहेबांचा फोटो, पुढाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो आणि एका कोपऱ्यात विमान. तेही चुकीचं, प्रवासी विमान. साहेब घाटावर आपल्या घरी रजेवर होते, तिथून ते फोंडाघाट उतरून आले. येताना वळणांवर दोनदा गाडी थांबवावी लागली म्हणे. विमानांचा साहेब, आणि घाटात ओकला! हे मला त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं आणि मी त्याला घरी नेऊन जेवायला वाढलं.

देवळाच्या सभामंडपात साहेब खुर्चीवर बसले. आम्ही खाली सतरंजीवर. मानकऱ्याने नारळ देवासमोर ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात गेलेले झिल ज्या साहेबांच्या पुण्याईन परत इले, त्या साहेबांका बरकत दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं गाव म्हणालं. वहिनी म्हणाली, हात जोडून, डोळे मिटून. मी म्हटलं नाही. खोटं मीटिंगमध्ये ऐकून घेतलं, पण आमच्या देवासमोर ते माझ्या तोंडून यायला तयार नव्हतं. शेजारी बसलेल्या दादाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. नख अजून पुरतं आलं नव्हतं, बोटाला पट्टी होती. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार काय? तुझा जीव आणि रंग यांत साहेबांनी रंग निवडला होता, हे ज्याच्या खांद्यावर तू शाल टाकणार आहेस त्याच्याबद्दल सांगायचं?

साहेबांचं भाषण झालं. तंत्रज्ञान, कर्तव्य, राष्ट्र. विमान कसं नव्यासारखं लखलखीत ठेवतो हेही सांगितलं. मग दादाला दोन शब्द बोलायला उभं केलं. त्याने शाल साहेबांच्या खांद्यावर टाकली, माईक असा धरला जणू तो चावणार आहे, आणि म्हणाला,

"माका भाषण येणा नाय. काय झाला तां सांगतंय. आमी आशा सोडली होती. विमान इला, तरी माका काय खरा वाटला नाय. म्हटलंय, सरकारी विमान, तेका आमचा काय! बघतला आणि जातला. पण ता आमच्याभोवती वाकडा होवन फिराक लागला, आणि तेची पाठ दिसली. सगळा विमान कसा चकचकीत, आणि पाठीर एक डाग. खरवडलेलो. माझो खलाशी म्हणता, तांडेलानू, ह्या विमानाक खरूज झाली काय?"

लोक हसले. साहेबही हसले.

"मी म्हटलंय, गप रे. ह्यो डाग आपसूक पडाक नाय. कोणीतरी हाताने खरवडल्यान आसा. कोणीतरी आमच्यासाठी घाईत आसा थय. तां बघलंय आणि माका पयल्यांदा वाटला, आमी आता मरणव नाय."

एवढं बोलून तो थांबला. साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघत होता, माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे. मग माईक ठेवून खाली आला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, त्या बिचाऱ्याला अजूनही काहीच कळलेलं नव्हतं.

दादाने माझा हात आपल्या हातात घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी नोटिशीचा खुलासा लिहिला. रंग, अँटेना, धातूची पूड, सगळं गाळून टाकलं. रंगकामाचं नुकसान का केलं या रकान्यासमोर दोनच शब्द लिहिले आणि खाली सही ठोकली.

घाई होती.